दुसरा ठोका

मी घंटी बोलतेय. दारावरची नाही आणि सायकलवरचीही नाही. हॉटेलात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतात ना, पालथ्या वाटीएवढी, डोक्यावर बटण असलेली, ती. टाळूत मारलं की मी वाजते. मारल्याशिवाय मला आवाज नाही.

सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या एका लोखंडी कपाटात आहे. माझ्या डाव्या बाजूला एक गंजका सुरा आहे आणि उजव्या बाजूला सायकलची साखळी. दोघांना दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आहे आणि मलाही. सुऱ्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं, ‘तू कुणाला लागलीस?’ मला त्याचा इतका राग आला की हात असते तर मी त्याला कपाटाबाहेर फेकलं असतं. पण चिठ्ठीवर माझ्या नावापुढे ‘हत्यार’ असं लिहिलंय, आणि ते खोटं नाही. माझ्या काठावर अजून वाळलेलं रक्त आहे. ते पुसायचं नाही असा इथला नियम आहे. म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म मारातून झाला. पितळेची तापलेली चकती साच्यावर ठेवून कारागिराने मला घडवलं ते हातोड्याने. तो शिव्या देत ठोकायचा. त्यातल्या थोड्या शिव्या माझ्यात उतरल्या असाव्यात, कारण माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आम्ही एकूण सात जणी होतो. तयार झाल्यावर त्याने प्रत्येकीच्या डोक्यात एकेक टपली मारली आणि कान लावून ऐकलं. दोघींचा आवाज बसका निघाला. त्याने त्यांना चिमट्यात धरलं आणि परत मुशीत टाकलं. माझ्यादेखत त्या वितळल्या. मला त्यांची फार कीव आली होती.

मला विकत घेतलं आबांनी. ते नवीन हॉटेल काढत होते. दुकानात त्यांनी घड्याळ हातात धरून एकेक घंटी वाजवून पाहिली, दुकानदाराच्या कानठळ्या बसेपर्यंत. माझा आवाज पूर्ण विरायला सात सेकंद लागतात. आबा म्हणाले, “हीच द्या.” आठ टेबलांचं दालन, मागे स्वयंपाकघर, आणि दोघांच्या मधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. तिच्या कट्ट्यावर त्यांनी मला बसवलं आणि सगळ्यांना बोलावून नियम सांगितला. ताट तयार झालं की आचारी एक ठोका मारील. माझा आवाज विरायच्या आत वाढप्याने ताट उचललं पाहिजे.

दुसरा ठोका पडणं म्हणजे वाढप्याची बेअब्रू. वीस वर्षांत तो नऊ वेळा पडला, मी मोजलेत. त्या नऊही वेळा आबा स्वतः टेबलापाशी गेले आणि हात जोडून माफी मागून आले. मी मार रोज खात होते, पण त्या मारात मान होता. एका ठोक्यावर माणूस धावत येतो, हे सुख ज्याला मिळालं त्यालाच कळेल.

आबांची दोन मुलं. थोरली मुलगी गल्ल्यावर बसायची, तिला सगळेच ताई म्हणायचे. धाकटा मुलगा दालन सांभाळायचा. ताठ मान आणि कडक इस्त्रीचा सदरा, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव कॅप्टन ठेवलं. स्वयंपाकघर ताईच्या नवऱ्याकडे होतं. त्याला उस्ताद म्हणायचे. हाताला चव अशी की रिकामी ताटं परत यायची, आणि डोकं असं की जरा कुणी बोललं की डोक्यात राख. मेहुणे-मेहुणे दोघेही सारखेच हट्टी. आबा होते तोवर त्यांची भांडणं खिडकीच्या आत राहिली.

आबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. भर दुपारी, सगळी टेबलं भरलेली असताना कॅप्टन सूपची वाटी परत घेऊन आला आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “भावजी, आधी तुम्ही चाखून बघा, मग लोकांना पाजा.” सूप खारट झालं होतं, हे खरं. उस्ताद दार उघडून दालनात आला आणि त्याने कॅप्टनच्या कानाखाली अशी लगावली की ट्रे उडून भिंतीवर आपटला. मग तो शांतपणे आत जाऊन पुन्हा कामाला लागला. त्याने पुढचं ताट कट्ट्यावर ठेवायला हात बाहेर काढला, तेव्हा कॅप्टनने खिडकीची लाकडी फळी त्या हातावर आदळली. करंगळी मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. ती करंगळी अजून वाकडी आहे.

त्या दिवशी दोघांनी माझ्यासमोर शपथा घेतल्या. कॅप्टन म्हणाला, कुत्र्याला शीळ घालावी तसा पहिल्या ठोक्याला मी येणार नाही, दुसऱ्यांदा बोलावलं तरच येईन. उस्ताद म्हणाला, मी एकदाच बोलावतो, दुसरा ठोका माझ्या हातून मरेपर्यंत पडणार नाही. त्यानंतर दोघांमध्ये विस्तव जात नव्हता, बोलणं तर दूरच. वाढपी या कटकटीला कंटाळून एकेक करून निघून गेले आणि दालनात कॅप्टन एकटा उरला.

आता तुम्ही विचाराल, मग हॉटेल चाललं कसं? तर ताईमुळे. उस्ताद एक ठोका मारायचा. कॅप्टन समोर उभा राहून नॅपकिनच्या घड्या घालायचा. मग ताई गल्ल्यावरून उठायची, अकरा पावलं चालत खिडकीपाशी यायची आणि दोन बोटांनी मला हलकेच दाबायची. हा दुसरा ठोका. तो पडला की कॅप्टन लगेच यायचा. उस्तादची शपथ मोडली नाही, कॅप्टनचीही मोडली नाही, आणि ताट गरम पोचलं. दर दुपारी चाळीस-पन्नास वेळा हे चालायचं, आणि असं तीन वर्षं चाललं. सुरुवातीला ताई दोघांवर ओरडली, रडली, एकदा उपाशीसुद्धा राहिली. मग तिने हात टेकले. अख्ख्या हॉटेलात न आदळता मला वाजवणारी ती एकटीच होती, आणि माझा जीव होता तो तिच्यावर.

तिची एक दाढ दीड वर्षापासून ठणकत होती. दाताचा डॉक्टर फक्त दुपारी बसायचा, आणि दुपारी तिला गल्ला सोडता येत नव्हता. ती लवंग धरून दिवस काढायची.

आता खोकेवाल्यांबद्दल सांगते. पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा त्यांचा छोटा कारखाना. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी पहिली मोठी ऑर्डर आमच्याच चार नंबरच्या टेबलावर मिळवली होती. तेव्हा आबांनी स्वतः वाढलं होतं. वडिलांनी मुलाला सांगून ठेवलं होतं की धंद्याचं बोलायचं असेल तर इथे आणायचं, इथे माणसाला वाट बघायला लावत नाहीत. खोकेवाले फार मऊ माणूस. पाणी मागतानासुद्धा ‘जरा त्रास देतो हं’ म्हणायचे. गेल्या तीन वर्षांत ते आले नव्हते, म्हणून आमच्या घरातल्या लढाईची त्यांना कल्पना नव्हती.

आदल्या दिवशी ते टेबल राखून ठेवायला आले आणि ताईपाशी मन मोकळं करून बसले. औषधाच्या कंपनीचे खरेदीचे साहेब उद्या जेवायला येणार होते. काचेच्या बाटल्यांसाठी खोकी हवी होती, वर्षभराचं काम. ते मिळालं तर कारखाना तरणार होता. नाही मिळालं तर शनिवारी कुलूप. चौदा बायका तिथे खोकी दुमडायचं काम करत होत्या, बहुतेक वडिलांच्या वेळच्या. “कुणाला मावशी म्हणतो, कुणाला काकू,” खोकेवाले म्हणाले, “शनिवारी त्यांना काय सांगू तेच कळत नाही.”

ताई म्हणाली, “दादा, काळजी करू नका. उद्या मी स्वतः उभी राहीन.”

पण त्या रात्रीतून तिचा गाल सुजून भोपळा झाला. सकाळी डोळा उघडेना, अंगात ताप. डॉक्टरने निरोप दिला की आज दाढ काढली नाही तर विष पसरेल, दीड वाजता या. ताईने आधी नवऱ्याला सांगितलं, मग भावाला. दोघांना वेगवेगळं, कारण एकत्र उभं करणं शक्य नव्हतं. चार नंबरवर कोण येणार आहे आणि त्याचं काय पणाला लागलंय हेही सांगितलं. आजचा एक दिवस माणसासारखे वागा, म्हणाली. दोघेही म्हणाले, मी बघतो. उस्तादच्या मनात होतं, आज बायको नाही म्हटल्यावर मेहुणा झक मारत पहिल्या ठोक्याला येईल. कॅप्टनच्या मनात होतं, आज ताई नाही म्हणजे भावजींना दुसरा ठोका मारावाच लागेल. दोघांनीही तीन वर्षं याच दिवसाची वाट पाहिली होती.

खोकेवाले वीस मिनिटं आधीच आले. काखेत एक खोकं होतं. त्यात काचेच्या बारा बाटल्या भरलेल्या. बेत असा की सूप झालं की खोकं टेबलाच्या उंचीवरून साहेबांसमोर खाली टाकायचं. एकही बाटली फुटणार नाही, आणि मग बोलायची गरजच उरणार नाही. घरी त्यांनी ते पन्नासदा टाकून पाहिलं होतं. त्यांनी खोकं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, रुमालाने चमचे पुसले आणि दाराकडे बघत बसले. साहेब वेळेवर आले. सव्वादोनला निघायचंय, हे त्यांनी बसता बसताच सांगितलं.

उस्तादने सूप वाढून कट्ट्यावर ठेवलं आणि माझ्या डोक्यात हाणली. मी वाजले. कॅप्टन सहा हातांवर उभा होता. त्याने हातातल्या नॅपकिनची घडी घातली, मग ती मोडली आणि पुन्हा घातली. माझा आवाज विरला. उस्ताद हाताची घडी घालून आत उभा राहिला. सवयीने दोघांचीही नजर गल्ल्याकडे गेली. गल्ल्यावर कुणी नव्हतं.

सात मिनिटं गेली. सुपावर साय धरली. खोकेवाल्यांनी कॅप्टनला हळू आवाजात विचारलं, जरा बघता का. कॅप्टन म्हणाला, येतंय. पुन्हा पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा इतर टेबलांवरची माणसंही वळून बघायला लागली. शेवटी कॅप्टन मान दुसरीकडे करून खिडकीशी आला आणि त्याने वाट्या उचलल्या. आतून उस्ताद हसला. नुसता हसला, पण त्या हसण्याने कॅप्टनच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या रागातच त्याने साहेबांपुढे वाटी आदळली आणि दुसरी खोकेवाल्यांपुढे आदळताना कलंडली. अख्खं सूप खुर्चीवरच्या खोक्यावर सांडलं. खोकेवाले “अहो, अहो” करत उठले. कॅप्टनने माफी मागितली नाही. तो म्हणाला, “खुर्ची माणसाने बसायला असते.”

मला तेव्हा त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. आबांचा मुलगा होता तो. खोकेवाल्यांनी नॅपकिनने खोकं टिपलं, पुन्हा पुन्हा टिपलं, आणि मग खुर्ची ओली म्हणून ते मांडीवर घेऊन बसले. वरून पुठ्ठा बरा दिसत होता. साहेबांनी थंड सुपाचा एक चमचा तोंडाला लावला आणि चमचा खाली ठेवला.

आत भाजलेली कोंबडी तयार झाली. दोन ताटं कट्ट्यावर आली, वाफाळणारी. उस्तादचं जेवण त्या दिवशी खरंच सुरेख झालं होतं, हेही सांगितलं पाहिजे. त्याने मला एक ठोका मारला, आणि तो इतका जोरात की मी कट्ट्यावर वीतभर सरकले. आता कॅप्टन येणं शक्यच नव्हतं. एकदा नमतं घेतलं होतं आणि त्याचं हसू झालं होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. उस्ताद ओट्याला टेकून उभा राहिला. मधे मी, आणि माझ्या दोन्ही बाजूंना दोन ताटं. वाफ थांबली. मग रस्सा घट्ट झाला. मग चरबी पांढरी पडून थिजली. मला स्वतःहून वाजता आलं असतं तर मी फुटेपर्यंत वाजले असते. नुसत्या दोन बोटांचं काम होतं ते.

चार नंबरवर खोकेवाले बोलत होते, पुठ्ठ्याच्या थरांबद्दल, डिंकाबद्दल, वडिलांबद्दल. बोलणं संपलं तरी जेवण येईना, तेव्हा तेच बोलणं त्यांनी पुन्हा सुरू केलं. दोन वाजून गेले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, जेवण राहू दे, खोकं तरी दाखवा. खोकेवाले म्हणाले, उद्या मीच ऑफिसात आणून दाखवतो, हे जरा ओलं झालंय. साहेब म्हणाले, “ओलंच दाखवा. माझ्या गोदामात ओल असतेच.”

खोकेवाल्यांनी दोन्ही हातांनी खोकं मांडीवरून वर उचललं. टाकायची वेळच आली नाही. खालचा पुठ्ठा लगद्यासारखा फाटला आणि बाराच्या बारा बाटल्या फरशीवर फुटल्या. खोकेवाल्यांच्या हातात वरचं रिकामं खोकं राहिलं आणि तसंच धरून ते उभे होते.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बुटावरची काच झटकली, नॅपकिनची घडी करून ठेवली आणि म्हणाले, “यात औषध असतं, म्हणजे? नाही जमायचं हो.” खोकेवाले त्यांच्या वाटेत आडवे आले. निदान दोन घास खाऊन जा, म्हणाले, जेवण तयारच असेल, मी स्वतः आणतो. आणि ते धावत माझ्याकडे आले.

खिडकीशी येऊन त्यांनी ती दोन थिजलेली ताटं पाहिली. आत हाताची घडी घालून उभा असलेला उस्ताद पाहिला. बाहेर भिंतीला टेकलेला कॅप्टन पाहिला.

“हे कधीपासून तयार आहे?” त्यांनी विचारलं.

“मी वाजवली होती,” उस्ताद म्हणाला.

“एकदाच,” कॅप्टन म्हणाला.

खोकेवाल्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्या मऊ माणसाने मूठ वळली आणि माझ्या डोक्यात घातली. दुसरी घातली, तिसरी घातली. मी आयुष्यात खूप मार खाल्लाय, पण असा नाही. माझं बटण वाकलं आणि आवाज फाटला. उस्तादने खिडकीतून त्यांचं मनगट पकडलं आणि पिरगळलं, माझ्या घंटीला हात लावायचा नाही म्हणून. कॅप्टन पुढे झाला, गिऱ्हाइकाला हात लावतोस म्हणून. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते दोघे एकमेकांशी बोलले. काय बोलले ते मी सांगणार नाही. त्यात आबांचंही नाव आलं.

उस्ताद दार लाथेने उघडून बाहेर आला. हातात लोखंडी झारा होता. पहिला वार कॅप्टनच्या खांद्यावर बसला. कॅप्टनने थिजलेलं ताट उचललं आणि उस्तादच्या तोंडावर फोडलं. नाकातून रक्ताची धार लागली. दोघे एकमेकांच्या उरावर बसून टेबलं उलथत होते, आणि खोकेवाले मधे सापडले. “बास करा, बास करा,” म्हणत होते. कुणाचा तरी कोपर त्यांच्या तोंडावर बसला आणि ते मागे पडले, त्यांच्याच बाटल्यांच्या काचेवर. तळहातात काच शिरली. ते उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं, ते त्यांच्या वडिलांनीही कधी पाहिलं नसेल. त्यांनी त्या रक्ताळलेल्या हाताने मला कट्ट्यावरून उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी कॅप्टनच्या डोक्यावर फेकलं.

कॅप्टन चुकवण्यात पटाईत. त्याने मान खाली घातली.

साहेब तेव्हा दारापर्यंत पोचले होते. बाहेरून एक बाई येताना दिसली म्हणून त्यांनी दार ओढून धरलं आणि बाजूला झाले. ती ताई होती. दाढ काढून, तोंडात कापूस धरून ती जवळजवळ पळत आली होती, कारण तिने दादांना शब्द दिला होता. तोंडात कापूस होता म्हणून तिला ओरडताही आलं नाही. मी तिच्या डाव्या डोळ्यावर जाऊन आदळले.

माझी कड तिच्या डोळ्यात शिरली ते मला अजून जाणवतं. ती खाली बसली. मी तिच्या पदराजवळ पडले, गोल फिरले आणि वाजले. फाटक्या आवाजात, पूर्ण सात सेकंद.

आठ दिवसांनी माझी ओळख पटवायला ताईला ठाण्यात बोलावलं. अंमलदाराने मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. ताईच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. डोळा गेला होता. तिच्या एका बाजूला उस्ताद, फुटलेल्या नाकाचा, आणि दुसऱ्या बाजूला कॅप्टन, हात झोळीत बांधलेला. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. बाकावर खोकेवाले मान खाली घालून बसले होते. आदल्या शनिवारी कारखान्याला कुलूप लागलं होतं. त्या चौदा बायका ठाण्याबाहेर झाडाखाली उभ्या होत्या. आपल्या मालकाने कुणाच्या केसालाही कधी धक्का लावला नाही, एवढंच त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

“हीच का ती घंटी?” अंमलदाराने विचारलं.

ताईने मान हलवली नाही. तिने हात पुढे केला आणि दोन बोटांनी मला हलकेच दाबलं. माझं बटण वाकलेलं, तरी मी तिच्यासाठी वाजले.

आणि कॅप्टन पुढे आला. विचार न करता, झोळीतला हात तसाच ठेवून, दुसरा हात ताट घ्यायला पसरून दोन पावलं पुढे. उस्तादचा हात खांद्यावर गेला, नसलेलं फडकं घेऊन ताटाची कड पुसायला. आबांच्या वेळी दोघे हेच करायचे. माझा आवाज अजून विरला नव्हता.

ताई एका डोळ्याने भावाकडे बघत राहिली. “आज आलास,” ती म्हणाली.

कॅप्टन तिथेच खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला. उस्ताद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ताईने दोघांनाही हात लावला नाही.

अंमलदाराने कागद पुढे ओढला आणि खोकेवाल्यांविरुद्ध तक्रार लिहून घेऊ का विचारलं. ताई म्हणाली, घंटी यांच्या हातून आली हे खरं आहे, तसं लिहा. पण माझी तक्रार यांच्यावर नाही, या दोघांवर आहे. अंमलदार गोंधळला. तो म्हणाला, घंटी तर यांनी फेकली, मग या दोघांनी तुम्हाला काय केलं?

“काही केलं नाही,” ताई म्हणाली. “जेवण तयार होतं, दोघं उभे होते, आणि काही केलं नाही. तेच लिहा.”

त्याने ते लिहिलं की नाही, मला माहीत नाही. कायद्यात अशी तक्रार बसते का, तेही मला कळत नाही. जाताना ताई बाकापाशी थांबली. खोकेवाले उठून हात जोडायला गेले, पण पट्टीमुळे त्यांचे हात नीट जुळेनात. ती म्हणाली, “दादा, मी उभी राहणार होते हो.” मग ती बाहेर गेली. झाडाखालच्या बायकांनी तिला बसायला जागा करून दिली, कुणीतरी पाणी दिलं, आणि बराच वेळ ती त्यांच्यातच बसून होती. ते दोघे रस्त्याच्या दोन कडांना उभे राहून तिची वाट बघत होते.

ती हॉटेलात परत गेली का, ती खिडकी उघडी आहे का, हे मला इथे कुणी सांगत नाही. खोकेवाल्यांवरचा खटला अजून उभा आहे आणि तोवर मला इथून सुटका नाही.

खटला संपला की मला कुणाच्या तरी हवाली करतील. ज्याच्या हाती मी जाईन त्याला माझी एकच विनंती आहे. मला त्या खिडकीत परत नेऊ नका. मला वितळवा. त्या दोघी बहिणी मुशीत गेल्या तेव्हा मला त्यांची कीव आली होती, आता हेवा वाटतो. माझी दाराची कडी करा, सदऱ्याची बटणं करा, काहीही करा. आणि कुणी तुम्हाला एकदा बोलावलं तर पहिल्याच हाकेला जा, मान वगैरे नंतर बघा. दुसरा ठोका मारायला मधे कुणीतरी उभं असतं, आणि लागतं ते त्यालाच. येते मी.